रुग्णालयातील कचऱ्याला चार रंग कशासाठी?

कधी ना कधी तुम्ही रुग्णालयाची पायरी चढला असालच. कोणा आजारी नातेवाइकाला भेटायला म्हणून, नाहीतर स्वतःला ताप आला म्हणून. पुढच्या वेळी गेलात की वॉर्डाच्या कोपऱ्याकडे जरा लक्ष द्या. तिथे एक पिवळा, एक लाल, एक निळा आणि एक पांढरा असे डबे ओळीने ठेवलेले दिसतील. प्रत्येक डब्यावर रोगजंतूंच्या धोक्याची खूण असते आणि वरच्या भिंतीवर कोणत्या डब्यात काय टाकायचे याचा तक्ता असतो.

घरी आपण ओला आणि सुका असे दोनच डबे ठेवतो आणि तेवढे पाळतानाही आपली तारांबळ उडते. मग रात्रंदिवस कामाच्या गडबडीत असलेल्या परिचारिकांना चार डब्यांचा हा व्याप कशासाठी? शेवटी सगळा कचराच ना? एकाच पोत्यात भरून जाळून टाकला तर काय बिघडले?

बरेच काही बिघडते. कसे ते आज पाहू.

नासका आंबा आणि आढी

रुग्णालयातला सगळाच कचरा घातक असतो अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर १०० किलो कचऱ्यापैकी सुमारे ८५ किलो कचरा अगदी तुमच्याआमच्या घरासारखा असतो. कागद, खोकी, फळांच्या साली, उरलेले अन्न वगैरे. उरलेला १५ किलो मात्र खरा धोक्याचा. त्यात रक्ताने भिजलेल्या पट्ट्या, कापसाचे बोळे, वापरलेल्या सुया, सलाईनच्या नळ्या, शस्त्रक्रियेत काढून टाकलेले शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधे आणि काही रसायने येतात.

आता हे १५ किलो त्या ८५ किलोंत मिसळले तर काय होईल? एक नासका आंबा सारी आढी नासवतो हे तुम्हांला माहीत आहे. इथेही तेच होते. १०० किलोंचा सगळा ढीगच धोक्याचा होऊन बसतो. एकदा मिसळलेला कचरा पुन्हा निवडायचा तर कोणाला तरी त्यात हात घालावा लागणार, आणि आत सुई कुठे लपली आहे हे त्याला दिसणार नाही. म्हणून या शास्त्राचा पहिला नियम असा, की कचरा जिथे निर्माण होतो तिथेच आणि त्याच क्षणी वेगळा करायचा. नंतर, सवडीने, दुसऱ्या कोणीतरी नव्हे. रुग्णालयात तो क्षण बहुतेक वेळा परिचारिकेच्या हातात असतो.

व्हिएन्नामधील एक जखम

उपचार करणाऱ्यालाच रोग जडावा ही गोष्ट जुनी आहे. सन १८४७ मध्ये व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात याकोब कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन करत होते. त्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली. जखम क्षुल्लकच होती, पण त्यातून त्यांच्या सर्वांगात विष भिनले आणि थोड्याच दिवसांत ते मरण पावले.

त्यांचे मित्र डॉ. इग्नाझ सेमेलवाइस त्याच रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात काम करत. तिथे बाळंतज्वराने असंख्य स्त्रिया दगावत. कोलेच्कांच्या शरीरात जे बदल दिसले, ते बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील बदलांसारखेच आहेत हे सेमेलवाइस यांनी ताडले. सुरीवरून जे बोटात शिरले, तेच विच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांवरून बाळंतिणींपर्यंत पोचत असले पाहिजे! रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. तरीही सेमेलवाइस यांनी मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात दर १०० बाळंतिणींमागे सुमारे १८ जणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा सुमारे २ वर आला.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. धारदार हत्याराची लहानशी जखमही प्राणघातक ठरू शकते, आणि रोग्याकडून सेवकाकडे जाणारी वाट सेवकाकडून दुसऱ्या रोग्याकडेही जाते. म्हणून परिचारिकेला सुरक्षित ठेवणे म्हणजे तिच्या वॉर्डातील प्रत्येक रोग्याला सुरक्षित ठेवणे होय.

पोकळ सुईची करामत

आता आपल्या काळाकडे वळू. रुग्णालयातील कचऱ्यात आकाराने सर्वांत लहान आणि धोक्याने सर्वांत मोठी वस्तू म्हणजे वापरलेली सुई. याचे कारण तिच्या रचनेत आहे. कपडे शिवायची सुई भरीव असते. ती बोटात गेली तर तिच्या बाहेरच्या अंगाला जे काही लागले असेल तेवढेच आत जाते. इंजेक्शनची सुई मात्र पोकळ असते. रोग्याच्या शिरेतून ती बाहेर काढली तरी तिच्या बारीक नळीत थोडे रक्त तसेच राहते. अशी सुई बोटात घुसली की ते रक्त सरळ शरीरात पोचते.

त्या रक्तात काय असू शकते? मुख्य भीती तीन विषाणूंची. ब प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, क प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस सी, आणि एड्सला कारण होणारा एचआयव्ही. रोग्याच्या रक्तात हे विषाणू असतील आणि टोचलेल्या व्यक्तीने लस घेतलेली नसेल, तर ब काविळीची लागण होण्याचा धोका शंभरात ३० पर्यंत जाऊ शकतो. क काविळीचा धोका शंभरात ३ पर्यंत आणि एचआयव्हीचा हजारात सुमारे ३ मानला जातो. डॉक्टर मंडळी ३०, ३ आणि ०.३ अशी ही तिनांची साखळी पाठच करतात.

पाहिलेत? ज्या एचआयव्हीचे नाव ऐकून आपण दचकतो त्याचा धोका सर्वांत कमी, आणि ज्या काविळीकडे आपण काणाडोळा करतो तिचा सर्वांत जास्त. शिवाय ब काविळीचा विषाणू मोठा चिवट आहे. वाळलेल्या रक्तात तो शरीराबाहेर निदान सात दिवस टिकतो. म्हणजे सोमवारी टाकलेली सुई पुढच्या रविवारीही निर्धोक झालेली नसते.

असे अपघात विरळाच होत असतील असे तुम्हांला वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे, जगातील साडेतीन कोटी आरोग्यसेवकांपैकी दरवर्षी सुमारे ३० लाख जणांना रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंनी दूषित झालेली सुई किंवा हत्यार टोचत होते.

टोपणाचा घोटाळा

सुई टोचते केव्हा? इंजेक्शन देताना, असे उत्तर तुम्ही द्याल. पण पुष्कळ अपघात इंजेक्शन देऊन झाल्यावर होतात. सुईला पुन्हा टोपण घालताना, उघडी सुई हातात घेऊन चालताना, किंवा कोणीतरी कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई पिशवी उचलताना.

यातले टोपणाचे प्रकरण गंमतीचे आहे. टोपण घातले की सुई निर्धोक झाली असे कोणालाही वाटेल. पण घालण्याची कृती नीट पाहा. एका हातात टोपण, दुसऱ्या हातात सुई. टोपणाचे तोंड अरुंद आणि त्यामागे लगेच आपली बोटे. सुईचे टोक आपण आपल्याच बोटांच्या दिशेने नेत असतो! नेम जरा चुकला, कोणी हाक मारली, रात्रपाळीत डोळ्यांवर झापड आली की सुई थेट बोटात. म्हणून नियम असा, की वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण घालायचे नाही. अगदीच गरज पडली तर टोपण सपाट जागेवर ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची. पण सर्वांत उत्तम म्हणजे जागच्या जागी सुई तोडून किंवा कापून पांढऱ्या डब्यात टाकणे. त्यासाठी सुई कापायचे छोटे यंत्र गाड्यावरच ठेवलेले असते.

आणखी एक प्रश्न. रोगी धडधाकट दिसत असेल तर इतकी काळजी हवी का? हवी. ब आणि क या दोन्ही काविळी किंवा एचआयव्ही अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षे ठणठणीत दिसू शकतो. चेहऱ्यावरून रक्त ओळखता येत नाही. म्हणून १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक सोपे सूत्र सांगितले. प्रत्येक रोग्याचे रक्त दूषित आहे असे समजूनच काम करायचे. पुढे थोड्याफार फरकाने जगभर हेच सूत्र रूढ झाले. यात कोणा रोग्याचा अपमान नाही, कारण सर्वांना एकच नियम लागू आहे.

चार डबे, चार वाटा

भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम प्रथम १९९८ साली झाले आणि २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. डब्यांचे चार रंग या नव्या नियमांतलेच आहेत. रंग शोभेसाठी नाहीत. त्या वस्तूने पुढे कोणत्या वाटेने जायचे हे रंग सांगतो.

पांढरा डबा सुया, ब्लेड, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या अशा टोकदार वस्तूंसाठी. हा पिशवीऐवजी जाड प्लॅस्टिकचा असतो, म्हणजे आतून सुई आरपार येत नाही. तो काठोकाठ भरत नाहीत. पाऊण भरला की बंद करतात, कारण शिगोशीग भरलेल्या डब्यात सुई दाबून बसवायला जाणारा हातच जखमी होतो. या वस्तू उष्णतेने निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात.

लाल डब्यात प्लॅस्टिक जाते. सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे. हे सारे निर्जंतुक करून त्याचा चुरा करतात आणि तो नोंदणी झालेल्या कारखान्याला देतात.

निळ्या डब्यात काच जाते. औषधांच्या बाटल्या आणि फोडलेल्या कुप्या. याच डब्यात शरीरात बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांसारख्या वस्तूही टाकतात.

पिवळ्या डब्यात रक्ताळलेल्या पट्ट्या, कापूस, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधे जातात. यांची वाट दहनभट्टीची. भट्टीत दोन कप्पे असतात. पहिल्यात निदान ८०० अंश सेल्सिअस तापमानात कचरा जळतो. त्यातून निघणारा वायू दुसऱ्या कप्प्यात सुमारे १०५० अंशांवर निदान दोन सेकंद ठेवला जातो, म्हणजे त्यातील अर्धवट जळालेली द्रव्येही जळून जातात.

मग सगळेच भट्टीत का टाकू नये? कारण पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असते. ते जाळले, विशेषतः उघड्यावर कमी तापमानात जाळले, तर डायऑक्सिन नावाची अतिशय विषारी द्रव्ये तयार होतात. रोगजंतू मेले खरे, पण हवेत विष गेले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच!

स्वयंपाकघरातला ऑटोक्लेव्ह

लाल डब्यातले प्लॅस्टिक न जाळता निर्जंतुक कसे करतात? त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र वापरतात. त्याचे धाकटे भावंड तुमच्या घरी रोज शिट्ट्या मारते. होय, प्रेशर कुकर!

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते आणि कितीही जाळ केला तरी त्याचे तापमान त्यापुढे जात नाही. काही जीवाणूंचे बीजाणू तर तासन्‌तास उकळूनही मरत नाहीत. पण वाफ कोंडून धरली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. हवेच्या दाबावर दर चौरस इंचाला १५ पौंड एवढा जादा दाब दिला की वाफेचे तापमान १२१ अंशांवर जाते. शिवाय वाफ थंड वस्तूवर निवळून तिचे पाणी होते तेव्हा ती आपली अप्रकट उष्णता, दर ग्रॅमला ५०० हून अधिक कॅलरी, त्या वस्तूला देऊन टाकते. म्हणून कोरड्या गरम हवेपेक्षा वाफ जंतूंना फार लवकर मारते.

या दाबाखाली आणि तापमानात कचरा निदान ६० मिनिटे ठेवतात. शस्त्रक्रियेची हत्यारे याहून कमी वेळात निर्जंतुक होतात. पण कचऱ्याचा ढीग असतो. वाफेला त्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ द्यावा लागतो. काम फत्ते झाले की नाही याची परीक्षाही मोठी चतुराईची आहे. उष्णतेला सर्वांत दाद न देणाऱ्या एका निरुपद्रवी जीवाणूचे बीजाणू कुपीत भरून कचऱ्याबरोबर आत ठेवतात. नंतर ते उबेत ठेवून पाहतात. ते रुजले नाहीत, तर बाकीचे जंतू नक्कीच मेले!

साखळी तुटली तर

सुई योग्य डब्यात गेली नाही तर तिचा प्रवास कसा होतो पाहा. परिचारिकेच्या हातून ती साध्या पिशवीत गेली. ती पिशवी सफाई कामगाराने उचलली, मग गाडीवरच्या माणसाने, मग कचराभूमीवर भंगार वेचणाऱ्याने. प्रत्येक टप्प्यावर एक नवा हात, आणि त्या हाताला आत सुई आहे याची कल्पना नाही. यांपैकी कित्येकांच्या हातांत धड मोजेही नसतात.

याहून भयंकर म्हणजे वापरलेली सिरिंज न कापता टाकली तर ती धुऊन पुन्हा वापरात येऊ शकते. सन २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसरात ब काविळीची मोठी साथ आली. सव्वाशेहून अधिक लोकांना लागण झाली आणि कित्येक जण दगावले. दूषित सिरिंजा व सुया पुन्हा वापरल्याने ही साथ पसरल्याचे तपासात दिसून आले. म्हणून सिरिंज निकामी करणे हा कचरा व्यवस्थेचाच भाग आहे. आता लसीकरणात ज्या सिरिंजा वापरतात, त्यांचा दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की अडकतो. कोणी म्हटले तरी त्या पुन्हा भरता येत नाहीत.

परिचारिकेची ढाल

एवढी काळजी घेऊनही अपघात होऊ शकतो. त्यासाठी परिचारिकेजवळ ढाल हवी. पहिली ढाल ब काविळीच्या लसीची. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा घेतल्या की बहुतेक निरोगी माणसांना उत्तम संरक्षण मिळते. म्हणजे तो शंभरात ३० चा सर्वांत मोठा धोका जवळजवळ नाहीसा होतो! कचरा हाताळणाऱ्या सर्व सेवकांना ही लस आणि धनुर्वाताची लस देण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी रुग्णालयांवर घातले आहे. क काविळीवर आणि एचआयव्हीवर मात्र लस नाही.

दुसरी ढाल हातमोज्यांची. सुई मोज्यातून आरपार जाते हे खरे, पण जाताना तिच्या बाहेरच्या अंगाचे काही रक्त मोज्यावर पुसले जाते. तिसरी ढाल सेमेलवाइस यांचीच, हात धुण्याची. मोजे काढल्यावरही हात धुवायचेच.

आणि सुई टोचलीच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. ती पिळायची नाही, आणि सवयीने बोट तोंडात तर मुळीच घालायचे नाही. मग लगेच वरिष्ठांना कळवायचे. एचआयव्हीला रोखणारी औषधे पहिल्या काही तासांतच सुरू केली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. ती २८ दिवस घ्यावी लागतात. नुकतीच कामाला लागलेली एखादी परिचारिका रागावतील या भीतीने गप्प बसते आणि हे मोलाचे तास वाया जातात. म्हणून ज्या रुग्णालयात अशा अपघाताबद्दल बोल न लावता आधी उपचार होतात, तेच रुग्णालय खरे सुरक्षित.

तुमच्या घरीही कदाचित आजोबा किंवा आजी मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असतील. त्यांच्या सुया कुठे जातात? रोजच्या कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवा, त्यावर 'सुया' असे ठळक लिहा आणि तो डबा कुठे द्यायचा हे जवळच्या दवाखान्यात विचारा. सकाळी घंटा वाजवत येणाऱ्या कचरागाडीवरच्या काकांचा हात त्यामुळे वाचेल. रस्त्यात किंवा मैदानात सुई पडलेली दिसली तर हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलावून दाखवा.

करून पाहा

हा प्रयोग सुई घेऊन करायचा नाही. एक लाल स्केचपेन आणि त्याचे टोपण घ्या. मित्राला समोर बसवून पाढे विचारायला सांगा. उत्तरे देत देत पेनाला ५० वेळा भरभर टोपण घाला आणि काढा. मग बोटांवरचे लाल ठिपके मोजा. आता टोपण टेबलावर आडवे ठेवून एकाच हाताने पेन त्यात सरकवा. हेही ५० वेळा करा आणि ठिपके पुन्हा मोजा. वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा. पहिल्या रकान्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे परिचारिकेच्या बोटाला टोचलेली एक सुई समजा. मग नियम कशासाठी आहे ते निराळे सांगावे लागणार नाही.